कुलूप, वही आणि विमा
(घरातील विजेच्या वस्तूंचं चोरीपासून संरक्षण – भाषणाचा मजकूर)

आज मी पिकावर बोलणार नाही, खतावर नाही आणि कीडरोगावरही नाही. आज बोलायचं आहे ते आपल्या घरात विजेवर चालणाऱ्या वस्तूंबद्दल. त्या चोरीला जाऊ नयेत म्हणून काय करावं, आणि गेल्याच तर विम्याची भरपाई पदरात कशी पडावी, एवढाच आजचा विषय.

आपल्यापैकी काहींना वाटेल, की हा शहरातल्या बंगलेवाल्यांचा विषय झाला. पण जरा घरात नजर फिरवा. समजा टीव्ही २५,००० रुपयांचा, फ्रीज २०,००० चा, इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून २२,०००, मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप ३५,००० चा आणि घरातले दोन मोबाइल मिळून २४,००० रुपये. करा बेरीज. १ लाख २६ हजार रुपये झाले. चांगलं दुभतं जनावर घ्यायचं तरी एवढे पैसे मोजताना आपण दहा वेळा विचार करतो. त्या जनावराला आपण दावं लावतो, गोठ्याला आगळ घालतो, कानात बिल्ला मारतो आणि विमाही उतरवतो. मग तेवढ्याच किमतीच्या या वस्तूंना दावं कुठं आहे आणि बिल्ला कुठं आहे?

आमच्याच घरची गोष्ट

हे मी पुस्तकातून सांगत नाही, घरात घडलेलं सांगतो. माझे थोरले बंधू शेतातल्या वस्तीवर राहतात. काही वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या काढणीचे दिवस होते. सकाळी घराला कुलूप लावून सगळी मंडळी रानात गेली. किल्ली नेहमीच्या जागी, म्हणजे दाराशेजारच्या देवळीत पणतीखाली ठेवली होती. संध्याकाळी वहिनी परत आल्या तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं, किल्लीही जागेवर होती. दार उघडून दिवा लावला तर भिंतीवरचा टीव्ही नाही, मिक्सर नाही, कोपऱ्यातली इन्व्हर्टरची बॅटरी नाही.

चोरानं किल्ली घेतली, दार उघडलं, सामान नेलं आणि पुन्हा कुलूप लावून किल्ली पणतीखाली ठेवून तो निघून गेला.

घराचा चोरीचा विमा होता. भावानं कंपनीकडे दावा केला. कंपनीचं उत्तर आलं, की कुलूप तुटलेलं नाही, दार मोडलेलं नाही, बळजबरीनं घरात शिरल्याची एकही खूण नाही, म्हणून भरपाई देता येत नाही. आम्ही पुष्कळ चिडलो. पण पॉलिसीचे कागद काढून वाचले तेव्हा ती अट त्यात छापलेली होती. पॉलिसी देताना ती कुणी समजावून सांगितली नाही हे खरं, पण आम्हीही ती वाचली नव्हती हेही तितकंच खरं.

गोष्ट इथंच संपत नाही. अडीच महिन्यांनी पोलिसांनी चोर पकडला आणि माल हस्तगत केला. भावाला ओळख पटवायला बोलावलं. तिथं काळ्या रंगाचे तीन टीव्ही एका ओळीत ठेवलेले. यातला आपला कोणता? तक्रारीत आम्ही लिहिलं होतं, ‘टीव्ही एक, काळा.’ बिल हरवलं होतं आणि खोका बंबात घालून त्यावर पाणी तापवलं होतं. टीव्ही काही मिळाला नाही. बॅटरी मात्र मिळाली, कारण दुकानदारानं वॉरंटी कार्डावर तिचा नंबर लिहून दिला होता आणि ते कार्ड वहिनींनी देवघरातल्या डब्यात जपून ठेवलं होतं.

बंधूंनो, त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. चोरी एखाद्या रात्री होते, पण गेलेली वस्तू किंवा तिचे पैसे परत मिळणार की नाही, हे त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. ते दाराच्या कडीवर ठरतं, आणि डब्यातल्या कागदावर ठरतं. म्हणून कुलूप, वही आणि विमा या तिन्ही गोष्टी बरोबर चालल्या पाहिजेत.

पहिलं काम: वही

जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो. जनावराच्या विम्यात बिल्ला नसेल तर दावा अडतो, हे आपल्याला ठाऊक आहे. विजेच्या वस्तूंनाही कारखान्यातूनच असा बिल्ला लागून आलेला असतो. त्याला अनुक्रमांक किंवा सिरीयल नंबर म्हणतात. टीव्हीच्या पाठीमागं, मिक्सरच्या तळाला, फ्रीजच्या आतल्या बाजूला किंवा पाठीमागं, लॅपटॉपच्या पोटाखाली बारीक अक्षरांचं लेबल असतं, त्यावर तो सापडतो. बॅटरीवर तो कोरलेला किंवा ठोकलेला असतो.

एक साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक वस्तूला अर्धं पान द्या. त्यावर वस्तूचं नाव, कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, दुकानाचं नाव आणि किंमत लिहा. बिल त्याच पानाला चिकटवा. हल्ली बिलाची शाई वर्ष-दोन वर्षांत उडून कागद कोरा होतो, म्हणून बिलाची झेरॉक्स काढून तीही सोबत लावा. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम सांगा. एका रविवारी सकाळी बसला तर दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या घराची नोंद होते.

मोबाइलचा नंबर म्हणजे सिमचा नंबर नव्हे. प्रत्येक फोनला स्वतःचा पंधरा आकडी नंबर असतो, त्याला आयएमईआय म्हणतात. फोनवर *#०६# एवढं दाबलं की तो पडद्यावर दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात, ते दोन्ही लिहून ठेवा. फोन गेल्यावर हा नंबर फोनमध्ये पाहता येत नाही, म्हणून आजच लिहा.

मोबाइलवर प्रत्येक वस्तूचा आणि तिच्या लेबलाचा फोटो काढा. पण फोटो त्याच फोनमध्ये ठेवले आणि फोनच गेला, तर काय उपयोग? ते शहरातल्या मुलाला, मुलीला किंवा भावाला पाठवून ठेवा. वहीसुद्धा टीव्हीखालच्या कप्प्यात नको. धान्याच्या कोठीजवळ म्हणा, ट्रंकेत म्हणा, पण सामानापासून वेगळी ठेवा.

याच्या जोडीला आणखी एक खूण करा. बॅटरीच्या बाजूवर, पंख्याच्या मोटरवर, इन्व्हर्टरच्या पत्र्यावर आपलं नाव आणि गाव कोरून घ्या. भांड्यावर नाव घालणारा कारागीर बाजारात असतो, त्याच्याकडून हे काम होतं. लग्नात आलेल्या पितळी पातेल्यावर आपण हौसेनं नाव घालतो. मग दहा पट किमतीच्या वस्तूवर का घालू नये? नाव कोरलेला माल विकताना चोराची अडचण होते आणि घेणाराही बिचकतो. मात्र वॉरंटी बिघडेल अशा जागी कोरू नका, दुकानदाराला आधी विचारा.

दुसरं काम: घर नीट बंद करणं

आता कुलपाकडे येऊ. आपल्याकडे कुलूप चांगलं पाचशे रुपयांचं असतं, पण ते ज्या कडीत अडकवायचं ती कडी असते चार स्क्रूंवर. चोर कुलपाला हातच लावत नाही. स्क्रू पिळून किंवा पहारीनं उचकटून तो कडी-कोयंडाच काढतो. म्हणून कडी-कोयंड्याला स्क्रू नकोत. फळीतून आरपार जाणारे बोल्ट घालून आतल्या बाजूनं नट आवळा. बोल्टची डोकी गोल असावीत, म्हणजे बाहेरून त्यांना पाना लागत नाही. बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला असतील तर त्यांच्या खिळ्यांची टोकं ठोकून पसरवून घ्या.

पुढचं दार भक्कम आणि मागचं दार नुसत्या आडण्यावर, हे पुष्कळ घरांत दिसतं. चोर मागूनच येतो. परसदार, न्हाणीची खिडकी आणि माळवदाचा जिना या तीन जागा आधी पाहा. पत्र्याचं घर असेल तर पत्रे हुकांनी नीट आवळलेले आहेत ना, तेही पाहा.

दुसरी गोष्ट अवजारांची. पहार, टिकाव, कुऱ्हाड आणि शिडी आपण अंगणात उघड्यावर टाकतो. चोराला ती ओझी वाहून आणावी लागत नाहीत, आपल्याच पहारीनं तो आपलंच दार मोडतो. अवजारं कुलपात आणि शिडी साखळीनं बांधलेली, ही सवय लावून घ्या. हिला एक पैसा लागत नाही.

किल्लीबद्दल आता वेगळं सांगायला नको. देवळी, उंबरा, तुळशीवृंदावन, चपलेचा जोड, कुंडीचं बूड, या सगळ्या जागा आपल्याला जशा ठाऊक तशा चोरालाही ठाऊक असतात. किल्ली कमरेला किंवा शेजारच्या विश्वासाच्या माणसाकडे.

आपल्या कामाची वेळही चोर ओळखून असतो. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की घरातला कर्ता माणूस बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो. सुगीत दिवसभर घराला कुलूप. ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींची घरं तर दिवाळीनंतर कित्येक महिने बंद असतात. अशा वेळी शेजारधर्म हाच मोठा पहारा. आलटून-पालटून एका घरानं दुसऱ्या घरावर लक्ष ठेवावं. अंगणात लागणारा सौर दिवा वीज गेल्यावरही उजेड देतो. टीव्ही, लॅपटॉप बाहेरून दिसेल असा खिडकीसमोर ठेवू नका, आणि नव्या टीव्हीचा रिकामा खोका उकिरड्यावर टाकून गावाला वर्दी देऊ नका. घर बंद करून देवदर्शनाला निघालात, तर फोटो परत आल्यावर टाका. जाण्याआधीच मोबाइलवर गावभर सांगायची घाई कशाला?

काहींनी कॅमेरे बसवले आहेत, चांगली गोष्ट आहे. पण कॅमेऱ्याचं चित्रण ज्या पेटीत साठतं ती पेटी टीव्हीशेजारीच ठेवलेली असते, आणि चोर टीव्हीबरोबर तीही नेतो. ती वेगळ्या खोलीत, कुलपाच्या कपाटात ठेवा. काही जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. तिच्यात एका फोनवर साऱ्या गावाला एकदम सूचना जाते. आपल्या गावात ती असेल तर नाव नोंदवा, नसेल तर ग्रामसभेत विषय काढा.

शेतातली विजेची चीजवस्तू

घराबरोबर रानाचंही दोन शब्दांत सांगतो. विहिरीवरची मोटर, स्टार्टर आणि तांब्याची केबल यांवर चोरांचा डोळा असतो. मोटरच्या पाटीवरचा नंबर वहीत लिहा, कारण ती पाटी गंजून वाचता येईनाशी होते. केबल जमिनीत पुरून पाइपातून न्यावी. उघड्या केबलवर हात-हात अंतरावर एकाच रंगाचे पट्टे ओढून ठेवावेत, म्हणजे सापडल्यास ओळख पटते.

सौर पंपाच्या प्रत्येक पॅनेलला पाठीमागं वेगळा नंबर असतो. ते सगळे लिहून घ्या. पॅनेल आवळणाऱ्या बोल्टांची टोकं ठोकून घ्या किंवा न उघडणारे नट लावा, मात्र बसवणाऱ्या कंपनीला विचारूनच. राज्यातल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती हमी विम्यासह दिलेली आहे. पण त्या विम्याची प्रत किती जणांकडे आहे? बसवणाऱ्या कंपनीकडून ती मागून घ्या आणि चोरी झाल्यास कुणाला, किती दिवसांत कळवायचं हे विचारून वहीत लिहा.

तिसरं काम: विमा

आता विम्याकडे वळू. इथं तीन गैरसमज आहेत, ते आधी दूर करू.

पहिला गैरसमज असा, की दुकानातून जादा वॉरंटी घेतली म्हणजे विमा झाला. वॉरंटी ही बिघाडासाठी असते. चोरीचा तिच्याशी संबंध नाही.

दुसरा गैरसमज, की पिकाचा विमा आहे म्हणजे सगळं आलं. पंतप्रधान पीक विमा योजना पिकापुरती आहे. घरातल्या सामानाला तिचा उपयोग नाही.

तिसरा गैरसमज मोठा आहे. घराचा विमा काढला म्हणजे चोरीचा विमा झाला, असं पुष्कळांना वाटतं. २०२१ साली विमा नियामक प्राधिकरणानं ‘भारत गृह रक्षा’ ही सर्व कंपन्यांसाठी एकाच नमुन्याची पॉलिसी आणली. पॉलिसी चांगली आहे. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप यांत घराचं नुकसान झालं तर ती भरपाई देते. घराची इमारत विम्यात असली, की तिच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढं आतल्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं. पण चोरीचं काय? आग किंवा पूर अशी आपत्ती आली आणि तिच्यामुळं सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर ती धरली जाते. एरवी एखाद्या रात्री चोरानं दार मोडलं तर या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, किंवा ज्यात घरफोडीचं कलम घातलेलं आहे अशी गृहस्थाची एकत्रित पॉलिसी घ्यावी लागते. सरकारी क्षेत्रातल्या चारही सर्वसाधारण विमा कंपन्या, म्हणजे न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया, आणि अनेक खाजगी कंपन्या हे काम करतात. शेतीपंपाचाही वेगळा विमा असतो. त्यात आग, वीज पडणं, चोरी आणि मोटरचा बिघाड यांचा समावेश होऊ शकतो.

पॉलिसी घेताना एजंटाला पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तर तोंडी न घेता कागदावर दाखवायला सांगा.

एक: घरफोडी म्हणजे काय धरलं आहे? बहुतेक पॉलिसींत बळजबरीनं आत शिरणं किंवा बाहेर पडणं ही अट असते. सर्वोच्च न्यायालयानंही २००४ साली एका गोदामातल्या चोरीच्या प्रकरणात असाच निर्णय दिला, की पॉलिसीत तशी व्याख्या असेल तर बळाचा वापर झाल्याशिवाय ती चोरी घरफोडीत बसत नाही. आमच्या पणतीखालच्या किल्लीनं आम्हाला हाच धडा दिला. साध्या चोरीलाही संरक्षण देणारं कलम मिळतं का, ते विचारा.

दोन: मोबाइल आणि लॅपटॉप धरले आहेत का? या वस्तू घराबाहेर फिरत असतात, म्हणून त्यांना सहसा वेगळं कलम आणि वेगळा हप्ता लागतो.

तीन: नव्या वस्तूची किंमत मिळणार, की घसारा वजा करून? समजा ३०,००० रुपयांचा टीव्ही चार वर्षांपूर्वी घेतला आणि दर वर्षाला मूळ किमतीच्या १० टक्के घसारा धरला, तर हातात येतील १८,००० रुपये. बाकीचे पदरचे घालावे लागतील. हे आधी माहीत असलेलं बरं.

चार: घर किती दिवस बंद राहिलं तर संरक्षण थांबतं? पुष्कळ पॉलिसींत सलग ३० दिवसांसारखी मुदत असते. ऊसतोडीला किंवा मुलाकडे शहरात लांब मुक्कामाला जाणाऱ्यांनी हे विचारलंच पाहिजे, आणि जाण्याआधी कंपनीला लेखी कळवून तिची संमती घेतली पाहिजे.

पाच: घरातल्या माणसानं किंवा गड्यानं चोरी केली तर? बहुतेक पॉलिसींत ती वगळलेली असते.

सहा: प्रत्येक दाव्यात किती रक्कम आपण स्वतः सोसायची?

आता विमा रकमेबद्दल. हप्ता वाचवण्यासाठी आपण किंमत कमी सांगतो. तसं करू नका. समजा सामान ८०,००० रुपयांचं आहे आणि आपण ४०,००० चाच विमा उतरवला. पुढं २०,००० रुपयांचा माल चोरीला गेला. आपल्याला वाटेल, २०,००० तर ४०,००० च्या आतच आहेत, सगळे मिळतील. तसं होत नाही. निम्म्या मालाचा विमा, म्हणून निम्मं नुकसान. हातात येतात १०,०००. याला सरासरीचं कलम म्हणतात. वहीतली बेरीज खरी असेल तर ही फसगत होत नाही. नवी वस्तू आली की कंपनीला कळवून ती वाढवून घ्या.

चोरी झालीच तर

इतकं करूनही चोरी झाली, तर पहिला दिवस महत्त्वाचा.

दार मोडलेलं दिसलं तर आत धावू नका. चोर आत असू शकतो. ११२ या नंबरवर फोन करा आणि पोलीस पाटलांना कळवा. कशालाही हात लावू नका. बायका-माणसांना घर आवरायची घाई असते, पण विस्कटलेलं घर हाच पुरावा आहे. तुटलेलं कुलूप, वाकलेली कडी, उचकटलेली खिडकी यांचे फोटो घ्या. पंचनामा झाल्यावरही तुटलेलं कुलूप भंगारात टाकू नका, पोलिसांनी नेलं नसेल तर विम्याच्या माणसाला दाखवायला जपून ठेवा.

त्याच दिवशी पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आहेत. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या. नोंद करायला कुणी नकार दिलाच, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालानं पाठवा, तशी तरतूद कायद्यात आहे. फिर्यादीत ‘टीव्ही एक, काळा’ असं लिहू नका. वही पुढं ठेवा आणि कंपनी, मॉडेल, नंबर सगळं उतरवून घ्या.

मोबाइल गेला असेल तर आधी सिम बंद करा आणि बँकेला कळवून फोनवरचे पैशांचे व्यवहार थांबवा. खात्यातून पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार करा. मग त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि ‘संचार साथी’ या सरकारी सेवेत पोलीस तक्रारीची प्रत जोडून फोन बंद करण्याचा अर्ज करा. ही सोय मे २०२३ पासून देशभर सुरू आहे. एकदा तो पंधरा आकडी नंबर अडवला, की देशातल्या कोणत्याही कंपनीच्या सिमवर तो फोन चालत नाही.

विमा कंपनीला त्याच दिवशी फोन करा आणि दुसऱ्या दिवशी लेखी कळवा. पोच घ्या. उशीर झाला म्हणून दावा सोडू मात्र नका. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर २०१० साली चोरीला गेला. त्यानं फिर्याद त्याच दिवशी दिली, पण विमा कंपनीला ५२ दिवसांनी कळवलं. कंपनीनं दावा नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२० साली निकाल शेतकऱ्याच्या बाजूनं लागला. फिर्याद ताबडतोब दिलेली असेल आणि चोरी खरी असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून भरपाई नाकारता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. पण त्या शेतकऱ्याला नऊ वर्षांहून जास्त थांबावं लागलं. आपण तो रस्ता कशाला धरावा? एक फोन करायला किती वेळ लागतो?

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रासाठी त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुणे इथं आहेत. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. मात्र कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. विमा नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा मोफत फोन नंबरही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही आपल्याला उघडं आहे.

जाता जाता आणखी एक सांगतो. आठवडे बाजारात कुणी बिलाशिवाय निम्म्या किमतीत टीव्ही, बॅटरी, मोबाइल देऊ लागला तर मोहात पडू नका. तो कुणाच्या तरी घरातला असतो. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसं वाटायला जागा असून घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुना मोबाइल घेताना इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’, मग जागा सोडून त्याचा पंधरा आकडी नंबर लिहून १४४२२ वर संदेश पाठवा, फोनची माहिती समजते. चोरीचा माल कुणी घेतलाच नाही, तर चोर तो नेईल कशाला?

थोडक्यात लक्षात ठेवा

१. प्रत्येक वस्तूचा नंबर वहीत, बिलाची झेरॉक्स सोबत, फोटो नातेवाइकाकडे.
२. कडी-कोयंड्याला आरपार बोल्ट, मागचं दार पुढच्याइतकंच भक्कम.
३. पहार आणि शिडी कुलपात, किल्ली देवळीत नाही.
४. घराचा विमा म्हणजे चोरीचा विमा नव्हे, घरफोडीचं कलम डोळ्यांनी पाहून घ्या.
५. विमा खऱ्या किमतीचा, घर बंद ठेवायचं तर कंपनीला लेखी.
६. चोरी झाल्यास त्याच दिवशी फिर्याद आणि त्याच दिवशी कंपनीला फोन.

भावाच्या घरी आता नवा टीव्ही आहे. त्याचा नंबर वहिनींनी स्वतः वहीत लिहिला आहे. देवळीत अजूनही संध्याकाळी पणती लागते, पण तिच्याखाली आता किल्ली नसते.

बंधू-भगिनींनो, हे पत्रक वाचून बाजूला ठेवू नका. आज रात्री जेवणं झाली की टीव्ही लावण्याआधी त्याच्या पाठीमागचं लेबल पाहा आणि पहिला नंबर लिहून काढा. सुरुवात एवढ्यानं होते.